धाकटी यादीत पहिली होती

आमच्या घरात निवडणूक हा विषय थोरल्या भावाच्या मालकीचा. दादा उचगावात राहतो. दूध संस्थेच्या राजकारणात त्याचे केस पांढरे झाले आणि त्याचं पॅनेल पडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मतदानाच्या आदल्या आठवड्यात तो घरी जेवत नाही, दारोदार जेवतो. मी मधली. चंदगडच्या शाळांत मास्तरकी करून निवृत्त झाले, आता कोल्हापुरात राहते. तिसरी आमची धाकटी. नर्स म्हणून स्कॉटलंडला गेली, तिथंच लग्न केलं, तिथंच राहिली आणि तिथंच तिला राजकारणाचा किडा चावला. किडा कुठल्या घराण्यातला, हे सांगायला नको.

ती राहते तो भाग नकाशावर मोठा आणि माणसांनी रिकामा. चंदगड, राधानगरी, गगनबावडा एकत्र करा, पाऊस आहे तेवढाच ठेवा, माणसं निम्म्याहून कमी करा आणि बाजूच्या समुद्रात थोडी बेटं टाका, झाला तिचा भाग. तिथल्या वाड्यावस्त्यांवरून दवाखान्याला येणारी बस एक दिवस बंद झाली. म्हाताऱ्या बायका तपासणीची तारीख घेऊन घरातच बसून राहू लागल्या. धाकटी त्यांची नर्स. तिनं अर्ज केले, सभा घेतल्या, शेवटी तिला सांगण्यात आलं की हे आमच्या हातात नाही, पार्लमेंटात जा. आमच्यात असं उत्तर मिळालं की माणूस घरी जातो. ही खरंच पार्लमेंटात जायला निघाली.

दोनदा उभी राहिली, दोनदा पडली. तिसऱ्या खेपेला पक्षानं तिला विभागाच्या यादीत पहिलं नाव दिलं. तिनं नोकरी सोडली. मला फोनवर म्हणाली, "अक्का, ही शेवटची. आता न्हाय झालं तर परत उभारणार न्हाय. साठी आली माझी." तिच्या आवाजात रड नव्हती. पण तिला ती जागा किती हवी होती ते मला कळत होतं, कारण धाकटी काही मागते तेव्हा आवाज मुद्दाम सपाट ठेवते, लहानपणापासून.

एका रविवारी तिनं आम्हा दोघांना व्हिडिओ कॉलवर घेऊन तिथली पद्धत समजावली. प्रत्येकाला दोन मतं. पहिलं आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, ज्याला जास्त मतं तो आला, आपल्यासारखंच. दुसरं मत माणसाला नाही, पक्षाला. असे आठ मतदारसंघ मिळून एक विभाग, आणि त्या विभागाच्या म्हणून आणखी काही जागा वेगळ्या. त्या पक्षांच्या याद्यांतून भरायच्या.

"म्हंजे ज्याला दुसरी मतं जास्त, त्याच्या जागा जास्त," दादा म्हणाला.

"तसं न्हाय दादा. आधी बघायचं, पहिल्या मतावर कुणाला किती जागा मिळाल्यात. पंगतीत ज्याच्या ताटात आधीच भाकऱ्या पडल्यात, त्याला दुसऱ्या बुट्टीतनं वाढायचं न्हाय. ज्याला मतं मिळाली पण ताट रिकामं, त्याला आधी वाढायचं."

"आयला! म्हंजे जिंकणाऱ्याला शिक्षा?"

"शिक्षा न्हवं. वाटणी."

"वाटणी पडलेल्यांनी मागायची असती," दादा म्हणाला. मग त्यानं खिशातलं पेन काढून पेपरच्या कोपऱ्यावर दोन चौकोन काढले. आमच्याकडं संस्थेच्या मतदानाला माणसाच्या हातात वेगवेगळ्या रंगांच्या पत्रिका देतात, गटाची एक, महिला राखीवची एक, अशा. पॅनेलवाल्याचं सगळं कसब एकाच गोष्टीत. मतदारानं सगळ्या रंगांवर एकाच चिन्हाला शिक्का मारला पाहिजे. कुणी एक पत्रिका इकडं आणि एक तिकडं केली की दादा त्याला 'फुटलेला' म्हणतो आणि पुढची पाच वर्षं त्याच्या घरच्या लग्नालाही जात नाही. त्यानं दोन्ही चौकोनांत फुल्या मारल्या आणि फोनसमोर धरलं. "पॅनेल टू पॅनेल. कळलं. खटक्यावर बोट!"

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, राहू दे, उचगावातून हा काय करणार आहे?

इथं मी माझ्या भावाला ओळखलं नाही. धाकटी राहते त्या शहरात आपल्याकडची चार घरं आहेत, डॉक्टर, हॉटेलवाले अशी. पासपोर्ट आपलाच असला तरी तिथं कायदेशीर राहणाऱ्या आपल्या माणसांना मत देता येतं. हे दादाला कळलं आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. त्यानं चारी घरांचे इकडचे पावणे शोधून काढले. कुणाची सासुरवाडी राधानगरीत, कुणाचा चुलता आमच्याच डेअरीला दूध घालणारा. एकीची आई विमानानं तिकडं निघाली होती, तिच्या बॅगेत दादानं कांदा-लसूण चटणीच्या चार पिशव्या घातल्या आणि प्रत्येक पिशवीवर धाकटीच्या पक्षाचं नाव लिहिलं. धाकटीचा मला लगेच फोन आला. "अक्का, इथं ह्याला लाच म्हणतात! माझं नाव यादीतनं काढतील!" मी दादाला झापलं. तो म्हणाला, "चटणीला लाच म्हणणाऱ्या देशाचं काय खरं न्हाय." पिशव्या न वाटता कापडात गुंडाळून बॅगेत परत ठेवल्या असं त्या आईनं सांगितलं. माझा अंदाज, त्या खाल्ल्या.

मतदानाच्या आधी मी तिला सहज विचारलं, काय रंग दिसतोय? म्हणाली, बाकीचे सातही मतदारसंघ आमचेच येतील, माझ्या शहराचं तेवढं सांगता येत नाही. फोन ठेवला आणि मी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं, शिकवायची खोड जात नाही ना. मतांच्या हिशेबानं हिच्या पक्षाच्या वाट्याला फार तर आठ जागा. शहर गेलं तर सात, मग यादीतून एक मिळायची, आणि यादीत पहिली आमची धाकटी. शहर आलं तर आठच्या आठ. मग यादीतून काही नाही. अगं बाई! म्हणजे हिच्याच पक्षाचा उमेदवार हिच्याच शहरात जिंकला तर ही घरी.

मी लगेच परत फोन लावला. "तुला हे माहीत आहे ना?"

"इथं लई पाऊस पडायलाय अक्का," ती म्हणाली. "तिकडं कसं हाय?"

मी उचगावला गेले आणि दादाला सांगून बघितलं. कागद दाखवला. तो शहरातल्या त्या चार घरांशी फोनवर बोलत होता, पहिलं मत कुठं, दुसरं कुठं, दोन्ही एकाच ठिकाणी, फुटायचं न्हाय पावणं. माझं सगळं ऐकून घेतलं, फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "आपलं माणूस पाडलं की आपलं माणूस येतंय? पोरांना शिकवून शिकवून तुझंच डोकं फिरलंय." अशा माणसापुढं काय डोकं फोडायचं! घरी आले.

निकालाच्या दिवशी दुपारपासून मी दादाकडंच होते. इंग्रजी वाचायचं माझ्याकडं, ओरडायचं त्याच्याकडं. एकेक मतदारसंघ लागत गेला आणि सातही त्यांचे आले. वहिनींनी पेढे आधीच आणून ठेवले होते. शहराचा निकाल लांबला. फेरमोजणी चालली होती, म्हणजे फरक थोडा. मी आतल्या आत देवाला म्हणत होते की पाड बाबा त्याला. दादा देवघरासमोर उभा राहून नेमकं उलटं मागत होता. देवानं मोठ्या भावाचं ऐकलं.

"आलं! शहर आलं!" मी वाचायच्या आधीच माझ्या तोंडाकडं बघून तो ओरडला. माझं तोंड कसं होतं ते त्यानं नीट बघितलं नाही. हलगीवाला दारात तयार होता. गुलालाचं पोतं फुटलं. डेअरीवरची माणसं, शेजारपाजार, सगळे अंगणात. मी दादाचा दंड धरून म्हटलं, थांब, यादी लागायची आहे अजून. "आठात आठ आल्यात! आता यादीला कोण इचारतंय? नाद करायचा न्हाय आपला!"

तासाभरानं यादी लागली. तिच्या पक्षाच्या नावापुढं शून्य होतं. मी ते दोनदा वाचलं. मग फोन पदराखाली धरून भिंतीला टेकून बसले. मला दादाचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बोलून गेले असते. तेवढ्यात त्याच फोनवर धाकटीचा व्हिडिओ कॉल आला आणि दादानं तो माझ्या हातातून ओढून घेतला. त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलाल.

"आमदारीणबाई!"

"दादा, मी पडले."

"थट्टा करतीस व्हय? सगळ्या जागा आल्या की!"

"सगळ्या आल्या म्हणूनच. शहर गेलं असतं तर यादीतनं एक मिळाली असती. ती माझी होती."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. वहिनींनी बाहेर जाऊन हलगी थांबवायला सांगितली, पण अंगणातल्यांना आणखी थोडा वेळ काही कळलंच नाही, ते वाजवत राहिले.

"शहर कितीनं आलं?" दादानं विचारलं. निवडणुकीत मुरलेला माणूस, प्रश्न बरोबर सुचला.

"थोडक्यात आलं. पण चार घरांनी काय होत न्हाय, दादा. तू मनाला लावून घेऊ नगंस."

मग तो भडकला. "मला आधी एका शब्दानं का बोलली न्हाईस? ही अक्का काय तरी सांगाय आलती, पण ती कागद घेऊन आली. तू सांगायचंस की! फिरवली असती मतं. पाडला असता त्याला. आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

तिच्या मागं हॉलमध्ये माणसं टाळ्या वाजवत होती. एक तरुण पोरगा आला, तिला मिठी मारून गेला. ती त्याला तोंडभरून हसली, त्याच्या पाठीवर थोपटलं आणि परत फोनकडं वळली. तेवढ्यातच तिचा चेहरा एवढासा झाला.

"हाच तो," ती म्हणाली. "महिनाभर ह्याच्यासाठी दारं वाजवलीत मी. काल पत्रिका हातात घेऊन लई वेळ उभारले होते. माझं बी मत ह्याच शहरातलं न्हवं का. गणित तोंडपाठ होतं. तरी फुली ह्याच्याच नावापुढं मारली."

"का?"

"माणूस चांगला हाय म्हणून."

मला तिचा अभिमान वाटला आणि तिथंच दोन मुस्काटात द्याव्याशाही वाटल्या.

"आमच्या पॅनेलात तुला मी कधीच घेतली नसती," दादा म्हणाला आणि बाहीनं तोंडावरचा गुलाल पुसायला लागला.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. तिला पलीकडून कुणी तरी हाक मारली. फोन ठेवून ती त्या पोराबरोबर फोटो काढायला गेली.