फाटकावर थांबलेली गाडी

सीमेवर तणाव होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. पुण्यातल्या मित्राचा फोन आला, "पोलंडच्या एक संशोधक बाई आल्यात. एक दिवस त्यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून फिरशील का?"

एखाद्या देशाचं लष्कर बलाढ्य होत जातं, तेव्हा बाहेरून आलेल्या माणसांना ते कसं दिसतं, हा बाईंचा विषय. जुन्या प्रवाशांनी, व्यापाऱ्यांनी लिहून ठेवलेलं त्यांनी पुष्कळ वाचलं होतं. मला म्हणाल्या, "दिल्लीतलं संचलन पाहिलं. आता ज्यांच्या दारावरून हे लष्कर जातं, त्यांच्याशी बोलायचंय."

आमच्या दारावरून ते जातंच. नगर रस्त्यावर आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आजोबांपासूनचं. लष्करी ट्रकांची रांग निघाली की वडील भिंग बाजूला ठेवून बाहेर येत आणि शेवटचा ट्रक जाईपर्यंत उभे राहत.

निघताना बायको म्हणाली, "या दिवसांत परदेशी बाईला घेऊन हिंडायलाच पाहिजे का? तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर गोष्ट वेगळी."

मला तिचा राग आला, कारण तेच माझ्याही मनात आलेलं होतं.

न्हावऱ्याला एक निवृत्त सुभेदार राहतात. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. त्यांनी आधी आम्हाला जेवू घातलं, मग कांद्याच्या चाळीशेजारी बाजेवर बसून बाईंच्या प्रश्नांना उत्तरं दिली.

"आमच्या टायमाला बर्फात साधं बूट चढवलेलं," आप्पा म्हणाले. "आता पोरांकडं अंधारात दिसनारी दुर्बीन हाय. ताकद वाढलीया, खोटं कशाला बोलू?"

"मग आता निर्धास्त वाटतं?" बाईंनी विचारलं.

"माझा नातू तिकडं हाय," आप्पा म्हणाले. "ह्ये इंग्रजीत सांगा त्यास्नी. बास."

त्यांना दौंडला मुलीकडे जायचं होतं. आम्हालाही दौंडलाच जायचं होतं, म्हणून ते माझ्या शेजारी बसले आणि बाई मागे.

दौंडच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद मिळालं. ऊन रणरणत होतं. दोन्ही बाजूंना मोटारसायकली, टेम्पो, उसाच्या रसाची एक गाडी. बाईंना रस दाखवायला मी त्यांना घेऊन खाली उतरलो, आप्पा गुडघ्यामुळे गाडीतच राहिले. तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. डब्यांऐवजी उघड्या वॅगनी, त्यांवर ताडपत्रीखाली झाकलेले रणगाडे. आकार काही लपत नव्हता. गाडी अगदी सावकाश चालली होती. लोक रुळांकडे सरकले. कोणीतरी "भारतमाता की..." म्हणालं आणि सगळ्यांनी "जय" म्हटलं. मीही म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला होता.

एका वॅगनीवर एक जवान उकिडवा बसून पातेलं घासत होता. बाईंनी मोबाईल वर केला.

मी "नको" म्हणेपर्यंत फोटो निघाला होता.

"काढला! तिनं फोटो काढला!" गळ्यात टॉवेल टाकलेला एक माणूस ओरडला. क्षणात आमच्याभोवती कडं झालं. एकानं मोटारसायकल माझ्या गाडीपुढे आडवी लावली.

"कोन हाय ही? कुठली?"

मी सांगू लागलो. विद्यापीठ, संशोधन, परवानगीनं आलेल्या पाहुण्या. टॉवेलवाला बाईंबद्दल ऐकत होता, पण निरखत मलाच होता.

"ते ऱ्हाऊ दे. तुझं नाव काय?"

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं. अर्धं सांगून काय होणार होतं?

मग मागून आवाज आला, "बघा! म्हनलं न्हवतं?" कोणी आधार कार्ड मागितलं, कोणी मोबाईल. एकजण व्हिडिओ काढू लागला. रसवाल्यानं बाईंना स्टूल आणून दिलं, पाण्याचा गार ग्लास दिला. त्या उभ्या राहू लागल्या तर एका बाईनं त्यांचा खांदा हलकेच दाबून त्यांना बसवलं. माझी पाठ गाडीच्या दाराला टेकलेली होती. पत्रा भाजत होता, पण मला पुढे सरकायचं धाडस होत नव्हतं.

दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि आप्पा हळूहळू उतरले.

"फोटो काढाय नको व्हता," ते आधी आमच्यावरच कडाडले. "चूक झालीया." मग टॉवेलवाल्याकडे वळून म्हणाले, "पर चौकशी करनारा तू कोन? मी सुभेदार हाय, तीस वर्सं वर्दीत काढली. ह्ये सर आत्ता माझ्या घरी जेवून आल्यात. आमी सोताच पोलिसांकडं चाललोय. ज्याला यायचं त्यानं मागं या."

मोटारसायकल बाजूला झाली. फाटक उघडलं. मी गाडी चालू केली, पण ती पुढे जाईना.

"सर," आप्पा समोर बघतच म्हणाले, "फर्स्टला टाका."

पोलीस ठाण्यात सभ्यपणे वागवलं. बाईंचा पासपोर्ट पाहिला, फोटो पुसायला लावला, समज दिली. त्यांचं लवकर आटोपलं. माझं आटपेना. नातेवाईक कुठे, परदेशात कोण, कोणाकोणाशी बोलणं होतं? दुबईला प्लंबरचं काम करणाऱ्या मावसभावाबद्दल मला वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. संध्याकाळी सोडलं, तोवर आप्पा बाहेरच्या बाकावर बसून होते.

त्यांना मुलीकडे पोचवलं. मुलीनं चहा केला. बाई आत हातपाय धुवायला गेल्या, तेव्हा आप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "सर, मला उतराय उशीर झाला."

"गुडघा दुखतो ना तुमचा."

"गुडघ्यानं न्हाई. काच खालीच व्हती, समदं ऐकू येत व्हतं. त्यांनी नाव इचारलं आन् मी बी बघत बसलो, तुमी काय सांगताय त्ये. खरं सांगताय का दुसरंच." ते बशीकडे बघत होते. "मला तर तुमचं नाव ठावं व्हतं."

मी चहा संपवला.

पुढे बाईंचा लेख छापून आला. लोकांचा अभिमान त्यांनी टिपला होता, पातेलं घासणारा जवानही होता. 'परक्या माणसाकडे संशयानं पाहिलं जातं,' असं लिहून त्यांनी फाटकावरचा आपला अनुभव सांगितला होता. मी त्यांना कळवलं की तुम्हाला तर तिथं स्टूल मिळालं होतं. त्यांचं लगेच उत्तर आलं, माफी मागणारं, लांबलचक. ते मी एकदाच वाचलं.

आप्पांचा फोन आला तो पावसाळ्यात. "वैनींना घिऊन जेवाय या." जावं की नाही, हे ठरवायला मला आठवडा लागला. शेवटी बायकोच म्हणाली, "त्यांनी त्या संध्याकाळी मनातलं तुम्हाला सांगितलं नसतं, तर तुम्हाला कळलं असतं का?"

मग गेलो आम्ही. आप्पांनी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली आणि शिरूरला घोड नदीला किती पाणी आलंय ते विचारलं.