दोन हलके, एक जोराचा

हे सदर मी बऱ्याच दिवसांपासून वाचते आणि खरं सांगायचं तर अर्ध्या वेळा हसायला म्हणून वाचते. चिंचेखालची बाई, मागून येणारी पावलं, बंद खोलीतला पाळणा... ड्युटीवरून आलं की चहासोबत वाचायचं आणि नवऱ्याला वाचून दाखवून टिंगल करायची, हा माझा आवडता उद्योग. आज मीच लिहायला बसले म्हणून प्रशांत समोर बसून गालातल्या गालात हसतोय. हसू दे.

आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. भूत, भानामती, अंगात येणं — काही म्हणजे काही नाही. मी नववीत असताना मला थंडी वाजून ताप यायचा. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "पोरीले जामसांवलीच्या मारोतीले घेऊन जाय वो, तिले कायतरी लागलं आहे." बाबांनी मला पॅसेंजरमध्ये बसवून पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. परत आल्यावर बाबा काकूंना म्हणाले, "लागलं होतं खरं. मच्छर लागला होता." अशा माणसाची मी मुलगी. पुढे नागपूरला नर्सिंग केलं, माणसं जाताना पाहिली, रिकाम्या वॉर्डात ड्युट्या केल्या. मला कधी कोणी दिसलं नाही.

आता बाबांबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. "वडील काय करायचे?" असं कोणी विचारलं की मी कितीतरी वर्षं "रेल्वेत होते" एवढंच सांगायची. समोरचा स्टेशनमास्तर समजला तर समजू द्यायची! आज स्पष्ट लिहिते. माझे बाबा आधी गँगमन होते, मग कीमॅन. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी खालच्या स्लीपरला घट्ट धरलेला असतो, त्या चाव्या रोज चालत जाऊन तपासायच्या, सैल असेल ती हातोड्याने ठोकून बसवायची — हे कीमॅनचं काम. आमच्या गावच्या, तिगाव स्टेशनच्या बाजूचा सहा किलोमीटरचा तुकडा त्यांच्या वाट्याला होता. सहा जायचे, सहा यायचे. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी. त्या तुकड्याला ते 'माझी बीट' म्हणत, लोक 'माझं वावर' म्हणतात तसं.

रिटायर झाले त्या दिवशी हार, गुलाल, पेढे सगळं झालं आणि साहेबांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबा उठले, म्हणाले, "माझ्या बीटमध्ये माणूस गेला नाही," आणि खाली बसले. एवढंच भाषण. आम्ही घरी कित्येक दिवस त्यांना त्यावरून चिडवलं. आई तर भाजी करपली नाही की म्हणायची, "माझ्या बीटमध्ये भाजी गेली नाही!"

आमची मुलगी मैत्री त्याच वर्षी जन्मली. म्हणजे तिने आजोबांना कामावर जाताना कधीच पाहिलेलं नाही. हे लक्षात ठेवा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही कॅनडात आलो. अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीपासून गाडीने दोन तासांवर एक छोटं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण इथे मराठी घरं तीन आहेत आणि उरलेली दोन हे सदर वाचतात. गावात एक मोठा कारखाना आला आणि त्याच्यामागून हे गाव पावसाळ्यातल्या गवतासारखं वाढायला लागलं. आम्ही आलो तेव्हा एक सिग्नल होता, आता चार आहेत. प्रशांत कारखान्यात आहे, मी म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नर्स. बाबांना फोनवर हे सांगितलं की तेही मागे राहत नाहीत. "आमचं पांढुर्णं बी आता जिल्हा झालं बाई! लेआउटच लेआउट पडून राहिले चहूकडे." लेआउट म्हणजे प्लॉट पाडलेली नवी वस्ती, आमच्याकडचा खास शब्द. तो इथेही तंतोतंत लागू पडतो. आमच्या घरामागे असाच लेआउट पडत होता. एकीकडे पूर्ण घरं, एकीकडे लाकडी सांगाडे, एकीकडे नुसते खड्डे. इथे प्रत्येक घराला तळघर असतं, त्यामुळे आधी दीड पुरुष खोल खड्डा खणतात.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे आठ-सव्वाआठ झाले असतील, नुकतं उजाडत होतं. बाहेर उणे अठ्ठावीस. प्रशांत फर्स्ट शिफ्टला गेलेला, त्याला कारखान्याची बस नेते. मी मैत्रीला शाळेत सोडायला निघाले तर गाडी सुरूच होईना. इथे एवढ्या थंडीत इंजिनाला रात्रभर वायर लावून गरम ठेवावं लागतं. ती मी लावायची विसरले होते.

समोरच्या आजीबाईंनी पहिल्याच हिवाळ्यात बजावलं होतं, "अशा दिवशी चालायचं नाही. मला फोन करायचा." आणि मी मनात म्हटलं, एक किलोमीटर चालायला फोन? ज्या बाईचा बाप रोज बारा किलोमीटर खडी तुडवायचा, ती एका किलोमीटरसाठी शेजारणीला उठवणार? हाच तो माझा शहाणपणा. मैत्रीला कोट, टोपी, दोन-दोन हातमोजे चढवले आणि निघाले. त्यातही रस्त्याने नाही, लेआउटमधून शॉर्टकटने. आमच्या गावात सगळे रुळाच्या कडेने शॉर्टकट मारतात, ती सवय.

निम्म्या वाटेवर वारा सुटला. वरून बर्फ पडत नव्हता. खालचाच सगळा उठला. दोन मिनिटांत पुढचं, मागचं, वरचं, खालचं सगळं पांढरं. मैत्रीचा हात माझ्या हातात होता, पण कोपरापुढे ती मला दिसत नव्हती. मी नर्स आहे, अशा थंडीत सहा वर्षांच्या मुलीचं काय आणि किती वेळात होतं ते मला चांगलं माहीत होतं. फोन काढला तर थंडीने बंद पडलेला. मी घाबरले. खूप घाबरले. पण थांबलो तर गोठू, म्हणून शाळा जिकडे असावी तिकडे पावलं टाकत राहिले. जोरजोरात.

आणि तेव्हा आवाज आला.

टण-टण... ठण्ण.

लोखंडावर लोखंड. दोन हलके, एक जोराचा. मग थोडी उसंत, आणि पुन्हा — टण-टण... ठण्ण. उजव्या हाताकडून. वारा एवढा होता की माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता, पण हा आवाज स्वच्छ येत होता.

मी जागच्या जागी थांबले. मैत्रीने माझा हात ओढला आणि ओरडून विचारलं, "आई, कोण ठोकतंय?"

म्हणजे तिलाही येत होता!

मला वाटलं, साइटवरचे कामगार असतील. माणसं आहेत म्हणजे आडोसा असेल. मी उजवीकडे वळले. वळताना मैत्रीच्या हातातून तिची डब्याची लाल पिशवी पडली, ती उचलायलाही मी थांबले नाही. आवाजाच्या रोखाने तीसेक पावलं चाललो असू, आणि माझा हात लाकडी भिंतीला लागला. अर्धवट बांधलेलं घर होतं. आत शिरलो, कोपऱ्यात बसलो, मैत्रीला माझ्या कोटाच्या आत घेतलं. आवाज थांबला होता. मी हाका मारल्या. घरात कोणीच नव्हतं.

वीसेक मिनिटांनी वारा जरा पडला. दाराच्या चौकटीतून बाहेर पाहिलं, तर ती लाल पिशवी बर्फात अर्धी रुतलेली दिसली. तिच्यापुढे दोन पावलांवर तळघराचा खड्डा होता. कुंपणाची प्लास्टिकची जाळी वाऱ्याने लोळवलेली. आम्ही सरळ त्यातच चाललो होतो.

थोड्या वेळाने साइटचा सुपरवायझर पाहणी करायला त्याच्या मोठ्या गाडीतून आला. आम्हाला पाहून बिचाऱ्याचा चेहराच उतरला. त्याने आम्हाला गाडीत बसवलं, हीटर लावला. मी त्याचे आभार मानले आणि म्हटलं, तुमच्या कामगारांनी वाचवलं. तो म्हणाला, कोण कामगार? साइट कालपासून बंद आहे. मी हातोड्याचं सांगितलं. तो म्हणाला, बाई, इथे घरं लाकडाची, खिळे मशीनने ठोकतो, एवढं वाजेल असं लोखंड या बाजूला कुठे आहे?

माझा विश्वास बसला नाही. पुढच्या सुट्टीत, ऊन पडलेलं पाहून, मी आणि प्रशांत ती सगळी बाजू पालथी घालून आलो. एखादा पत्रा, लोंबणारी साखळी, पाइप... काहीतरी असणारच! एक प्लास्टिकचा ताडपत्रीवजा कागद सापडला. तो फडफडत होता, फड-फड.

पण खरी गोष्ट वाट चुकलो त्याच दिवशी संध्याकाळी घडली होती. आमची संध्याकाळ म्हणजे तिगावला सकाळ. आम्ही जेवत होतो आणि समोर व्हिडिओ कॉल सुरू होता. बाबा अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी त्यांना नुसतं "वाऱ्यात वाट चुकलो होतो" एवढंच सांगितलं. उगाच काळजी नको. ठोकण्याचं तर मी बोललेच नाही.

मैत्रीला कुठे राहवतं! "आजोबा, कोणीतरी ठोकत होतं," ती म्हणाली, आणि चमच्याने स्टीलच्या ताटावर वाजवून दाखवलं. टण-टण... ठण्ण. टण-टण... ठण्ण.

बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. फोन हातात असल्याने आम्हाला काही वेळ नुसतं आभाळ दिसलं.

"हे तुले कोनं शिकवलं?" त्यांनी मैत्रीला विचारलं.

"कोणी नाही. तिकडे वाजत होतं."

"बाई," ते मला म्हणाले, "तू सांगितलं काय तिले?"

"मी काय सांगणार? काय आहे ते?"

बाबा पुन्हा बसले. "धुकं पडलं की झेंडी दिसत नाही ना. गँग रुळावर काम करून राहिली, अन् तिकडून गाडी येऊन राहिली, तं माणसाले समजन कसं? म्हणून मी अन् आमच्या गँगमधला दादाराव, आमी दोघानं ठरवलं होतं. दोन हलके, एक जोराचा. म्हंजे जिथं असान तिथं थांबा, रूळ सोडा, अन् हातोड्याकडे या. गँगच्या पाच-सहा माणसायलेच माहीत होतं. साहेबाले बी नाही सांगितलं. घरी तं नाहीच... तुही आई घाबरली असती."

मागून आईचा आवाज आला, "बाप्पा! मले बी आजच समजून राहिलं हे."

मग मी सगळं सांगितलं. खड्डा, पिशवी, दोन पावलं. मैत्री माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"कशावर वाजलं?" शेवटी बाबांनी विचारलं. कीमॅनचा प्रश्न.

"माहीत नाही बाबा. तिथे लोखंडच नाही, असं तो सुपरवायझर म्हणतो."

"पण तू गेली ना हातोड्याकडे?"

"गेले."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने... नाही, बाबा पँट घालतात. शर्टाच्या टोकाने पुसला. हे लिहिताना माझ्याच डोळ्यांपुढे सगळं धूसर झालंय. "मंग झालं," ते म्हणाले. "माझ्या बीटमध्ये माणूस गेला नाही अजून."

त्या दिवशी कोणी त्यांना चिडवलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, लहानपणी तू ते ऐकलं असशील आणि भीतीत ते आठवलं असेल. मीही स्वतःला हेच समजावलं. मी बाबांचा डबा घेऊन रुळावर जायची, पण धुक्याच्या दिवशी आई मला पायरी उतरू द्यायची नाही. बरं, धरून चालू की कधीतरी लांबून कानावर पडलं असेल. मग मैत्रीचं काय? तिने काय आठवलं? प्रशांत म्हणतो, थंडीत मेंदू काहीही ऐकतो. दोन मेंदू एकाच वेळी, एकाच बाजूने, एकच ठोका? यावर तो चहा करायला उठतो. आणि भूत म्हणावं तर त्यासाठी कोणीतरी मेलेलं लागतं. माझे बाबा ठणठणीत आहेत, त्या वेळी ते तिगावला भाकरी आणि वांग्याची भाजी खात होते. आईला विचारून खात्री केली आहे.

प्रतिज्ञा अजून शाबूत आहेत. एक मात्र बदललं आहे. मागच्या महिन्यात केअर होममध्ये एका आजोबांनी विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि कीमॅन म्हणजे काय, ते चांगली पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. हातोड्यासकट.

परवा राहवलं नाही म्हणून बाबांनाच सरळ विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? काय असेल ते?"

"मले काय माहीत," ते म्हणाले. "आपण असलं मानत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमचं थे गाव, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केवढं असन?"

"असेल चारेक किलोमीटर. आता वाढतंय."

"वाढू दे ना," बाबा म्हणाले. "मी बारा चालत होतो."