व्हॅलेन्सियाचा समुद्र आणि आमचं शेततळं

"एवढं पाणी, अन् कुणीच बुडत न्हाय व्हय गं?"

काकूनं व्हिडिओ कॉलवर हे विचारलं तेव्हा मी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराच्या बीचवर, घोटाभर पाण्यात उभी होते.  

मी एका संस्थेत पाण्याचं काम करते. पाणी कसं जिरवायचं, कसं साठवायचं, हे गावोगाव सांगत फिरते. त्याच्याच ट्रेनिंगला तिकडे गेले होते. घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यात परदेश... लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात आईनं पेढे वाटले होते.

रविवारी सुट्टी होती. शहरातली ट्राम थेट समुद्राजवळ नेऊन सोडते. बीचवर कुटुंबंच्या कुटुंबं आली होती. छत्र्या, खाण्याचे डबे, घडीच्या खुर्च्या... म्हाताऱ्या बायका निवांत पोहत होत्या. वाळूवर फळ्यांची वाट होती, पाय धुवायला नळ होते. उंच खुर्चीवर बसून एक मुलगी सगळ्यांवर लक्ष ठेवत होती. माझ्याच वयाची असेल.

आईनं समुद्र कधी बघितलेला नाही, म्हणून तिला फोन लावला आणि लांबूनच सगळं दाखवायला लागले. एक बाप आपल्या चिमुरडीला पोटाखाली हात धरून पाण्यावर आडवं करत होता. हात काढायचा, ती गटांगळी खायची, हसायची, तो परत धरायचा. मी तिथंच कॅमेरा धरून राहिले. आईच्या शेजारी काकू बसलीय, हे मला दिसलंच नाही.

आणि मग तो प्रश्न आला. आई घाईनं म्हणाली, "नेटवर्क गेलं बघ." नेटवर्क कुठलं गेलं... आईनं फोन पालथा घातला होता. काकूचं मुसमुसणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

सोनी ही काकूची थोरली मुलगी. दोन उन्हाळ्यांमागे शेळ्यांसाठी बादलीभर पाणी आणायला आमच्या शेततळ्यावर गेली. शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं. एकदा पाय सरकला की धरायला काहीच नसतं...

आमच्याकडे पोरगा जरा मोठा झाला की तरंगायला पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून त्याला विहिरीत ढकलतात. काठावर अख्खी भावकी ओरडत असते. दादा, चुलतभाऊ, सगळे असेच शिकले. सोनीनंही एकदा हट्ट धरला होता. काका म्हणाले होते, "पोरीच्या जातीला पोहून काय करायचंय? समुद्र ओलांडायचाय व्हय कुठं?" सगळे हसले. सोनीसुद्धा.

ती गेल्यावर गाव म्हणालं, आसरांनी नेली. पाण्यात साती आसरा राहतात, त्यांना तरण्या पोरी लागतात म्हणे. मग शेततळ्याच्या काठावर सात दगड मांडले, शेंदूर लावला, खणानारळानं ओटी भरली. दोर मात्र कुणी बांधला नाही.

आणि सोनीच्या धाकट्या बहिणीला, पिंकीला, पाण्याच्या दिशेनं जायचीच बंदी झाली. आम्ही घेतलेला धडा तो एवढाच.

त्या दिवशी मी वाळूत बसून रडले. आजूबाजूला सगळे आनंदात, आणि मला नुसता राग येत होता. समुद्राचा नाही... त्या बापाच्या हाताचा. एवढीशीच तर गोष्ट होती. पोटाखाली एक हात.

परत आल्यावर आधी दोर आणला. शेततळ्याच्या काठाला खुंट्या ठोकल्या आणि जागोजागी गाठी मारून दोर पाण्यापर्यंत सोडले. त्याला कुणी काही बोललं नाही. म्हणून धीर करून जेवताना काकांना म्हटलं, "पिंकीला पोहायला शिकवू या का? दादा शिकवेल. मीही शिकते."

"तिकडं जाऊन डोकं फिरलं का गं तुझं?" काका म्हणाले. "एक गेली ती पुरं न्हाय का?"

"पोहता आलं असतं तर गेली नसती, काका."

बोलून गेले. काका ताटावरून उठले. आई म्हणाली, "लई शिकलीस म्हणून तोंडाला यील ते बोलशील व्हय?" नंतर किती तरी दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

चांगली गोष्ट नीट समजावून सांगितली की माणसं ऐकतात, असं मला खरंच वाटायचं. माझं कामच ते आहे. पण ज्याची पोरगी गेली त्याला 'तुम्ही चुकलात' हे कुठल्या शब्दांत सांगायचं, ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत...

काल सकाळी मी पिंकीला घेऊन विहिरीवर निघाले. दादाला तेवढं सांगितलं होतं, बाकी कुणाला विचारलं नाही. काकूनं आम्हाला जाताना बघितलं.  पुढं होऊन तिनं पिंकीची ओढणी काढून घेतली आणि आत गेली.

दादा डबे घेऊन आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला डबा पुरायचा न्हाय बाई. टाकीच बांधावी लागल." पिंकी हसली. आधी मी उतरले. जीव मुठीत धरूनच... मग पिंकी. दादानं तिच्या पोटाखाली हात धरला.

"वर काढ तिला!"

काका काठावर उभे होते. आवाज फाटला होता त्यांचा. दादानं माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं नाही. पिंकीला म्हटलं, "पाय मार."

तिनं मारले.

आज सकाळीही आम्ही विहिरीवर जाऊन आलो.