ऑडिटच्या अभ्यासाचे रविवार

नागपूरच्या परीक्षा केंद्रातून प्रणाली निकालाचा कागद घेऊन बाहेर पडली. तिसरा पेपरही सुटला होता. इंटर्नल ऑडिटरचं ते जगभर चालणारं प्रमाणपत्र अखेर पदरात पडलं होतं. एखादी नाचली असती, पण हिला भलताच प्रश्न पडला. आता दर रविवारी अकोल्याला बाबांकडे कोणत्या निमित्तानं जायचं?

तुम्ही म्हणाल, बापाकडे जायला निमित्त कशाला हवं? हवं हो! भगवंतराव म्हणजे बार्शीटाकळीच्या शाळेतले इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर, तोंडाचे महाफटकळ. लेक थेट त्यांच्यावर गेलेली. आई, कौशल्याबाई, होती तोवर ती दोघांना आवरायची. ती गेली आणि घर मुकं झालं. प्रणाली अमरावतीहून यायची. चहा संपायच्या आत एकतर जुंपायची, नाहीतर दोघंही टीव्हीकडे तोंड करून बसायची.

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात ती ऑडिटला होती. परीक्षेला बसली तेव्हा एका रविवारी पुस्तक सोबत घेऊन आली. मास्तरांचा हात शिवशिवला.

"आन इकडं. मी प्रश्न वाचतो, तू उत्तर सांग."

बाप्पा, काय ते रविवार! एक प्रश्न असा होता: स्टोअरचा मॅनेजर आपल्याच साळ्याला कंत्राट देतो, हे ऑडिटरला कळलं. त्यानं आधी काय करावं?

"त्याच्या तोंडावर सांगावं," प्रणाली म्हणाली.

"बरोबर! सोडाचं नाही त्याले!" भगवंतरावांनी मांडीवर थाप मारली.

मागचं पान उघडलं तर उत्तर वेगळंच. आधी आपल्या ऑडिट प्रमुखाला कळवावं म्हणे.

"काहून? आमी भेतो काय त्याले?" मास्तर पुस्तकावरच खेकसले.

दोघांनी मिळून त्या पुस्तकाला इतकी नावं ठेवली, की एकमेकांना ठेवायला उरलीच नाहीत. ती स्वयंपाकघरात चून, म्हणजे आपलं पिठलं, घाटायची आणि तिथूनच ओरडून उत्तरं द्यायची. ते बाहेरून ओरडून खोडायचे. शेजारच्या गोदाबाईंना वाटायचं, बापलेकीचं पुन्हा वाजलं. त्या डोकावून जायच्या आणि दोघं हसत असलेली बघून चाट पडायच्या.

दुसऱ्या पेपरला मात्र या वऱ्हाडी बाण्यानं घात केला. जिथं तिथं तोंडावर सांगायचं उत्तर निवडून प्रणाली सपशेल नापास झाली. तेव्हा भगवंतराव खाली मान घालून म्हणाले, "माह्यापायी झालं वं हे, पोट्टी." असलं काही त्यांच्या तोंडून तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी नियमच केला. प्रश्न वाचून झाला की दोघांनी घोटभर पाणी प्यायचं, राग खाली बसू द्यायचा, मगच उत्तर. पाणी पिऊन पिऊन पोटं डब्ब व्हायची. पण दुसरा पेपर निघाला आणि आता तिसराही.

निकालानंतरच्या रविवारी ती पेढे घेऊन अकोल्याला गेली. भगवंतरावांनी दोन पेढे खाल्ले, "झकास झालं," म्हणाले आणि सवयीनं चष्मा चढवला. पुस्तक नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत चढवला. प्रणालीनं उगाच पेढ्यांचा बॉक्स सरळ केला. आता बाबा टीव्ही लावतील, अशी भीती तिला वाटली.

"तुमच्या ऑडिटात अजून एखादी परीक्षा असन न?" त्यांनीच विचारलं.

"आहे न. घोटाळे शोधणाऱ्यांची आहे एक. पण मले काही गरज नाही तिची, बाबा."

भगवंतराव घोटभर पाणी प्यायले.

"तुले नसन," ते म्हणाले. "मले हाय. भर फॉर्म."