दोन तिळांचा फोटो

आमच्या मेहुण्यांना सगळा बाजार ‘शिट्टी’ म्हणतो. त्यांच्या फोटो स्टुडिओत माणूस स्टुलावर बसला की ताठ होतो आणि पकडून आणल्यासारखा दिसायला लागतो. मेहुणे कॅमेऱ्यामागून एक बारीक शिट्टी वाजवतात. माणूस दचकून वर बघतो आणि त्याच क्षणी बटण दाबलं जातं. आमच्या भागातली माणसं ओळखपत्रावर जराशी चकित दिसतात ती त्यामुळे.

पुढचं काम संगणकावर. डोळ्यांखालची वर्तुळं, तीळ, चामखीळ सगळं सफाईनं जातं. एखाद्याचा गाल फारच बसलेला असला, तर चेहऱ्याची चांगली बाजू उलटी करून त्यावर बसवायची, ही त्यांची खास युक्ती. गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

एका सकाळी चूळ भरताना मेहुण्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून पाणी आपोआप सांडलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजू खाली उतरलेली. त्यांनी आधी शिट्टी वाजवून पाहिली. नुसती हवा गेली.

माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला, “दादा, यांना अर्धांगाचा झटका आलाय बहुतेक. असशील तसा ये.”

आम्ही त्यांना तडक मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी हात वर करायला लावले, बोलतं केलं, चालवून पाहिलं. मग कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. डाव्या बाजूला पडल्या, उजवं कपाळ कोरं राहिलं.

“मेंदूचा झटका असला तर बहुतेक वेळा कपाळ हलतं,” बाई म्हणाल्या. “ही चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या आजच सुरू करू. बहुतेक जण बरे होतात, फक्त वेळ लागतो. काळजी आहे ती डोळ्याची. तो मिटत नाही, म्हणजे कोरडा पडणार. दिवसा थेंब, रात्री मलम आणि वरून पट्टी. दर आठवड्याला मला दोन फोटो पाठवा, एक हसून आणि एक डोळे मिटून.”

बहिणीनं देवाचे आभार मानले. मेहुणे मात्र रुमालानं तोंड झाकूनच बाहेर पडले.

झटका नव्हता याचा आनंद त्यांना झालाच नाही. लाज मात्र अशी धरली की विचारू नका. कुणी विचारलं तर “दाढ काढली” म्हणायचे. चहा भिंतीकडे तोंड करून प्यायचे.

“अहो, मी बायको आहे तुमची, गिऱ्हाईक नाही,” बहीण म्हणायची.

“गिऱ्हाईक निदान फोटो घेऊन निघून जातं. तू दिवसभर बघतेस,” ते म्हणायचे.

पहिल्या आठवड्याचे फोटो त्यांनी काढले, पण ते पाठवायला हात धजेना. एक तोंड हसणारं आणि तेच अर्धं मेलेलं, असं परक्या बाईला कसं दाखवायचं? त्यांनी सवयीनं चांगली डावी बाजू उलटी केली आणि उजवीवर बसवली. मिटलेल्या डोळ्यांच्या फोटोतही तेच केलं. डॉक्टरांचं उत्तर आलं, “छान.” तिसऱ्या आठवड्यात आलं, “डोळा पूर्ण मिटतोय. पट्टी आणि थेंब बंद करा. तपासणीला यायची घाई नाही.”

बहीण म्हणाली, “मला तर अजून फट दिसतेय.”

“डॉक्टर त्या की तू?”

तिनं पट्टी आणि थेंब कपाटात ठेवून दिले. मलाही तिनं विचारलं होतं. डॉक्टर म्हणतात तर बरोबरच असणार, असं मीही म्हणालो. मेहुण्यांना खरं ठाऊक होतं, पण संगणकावर सरळ केलेला चेहरा बघून बघून त्यांना स्वतःलाच बरं वाटायला लागलं होतं. शिवाय पट्टी चालू ठेवायची तर का, ते सांगावं लागलं असतं.

काही दिवसांत डोळा लाल झाला, खुपायला लागला. एका दुपारी कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला तर समोर धुकं. गिऱ्हाइकाला त्यांनी “बल्ब गेलाय” म्हणून परत पाठवलं आणि दुकानाचं दार ओढून बहिणीसमोर येऊन बसले. त्या डोळ्यावरच त्यांचं पोट होतं.

आम्ही तिघं पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी जखम शोधायला डोळ्यात रंगाचा थेंब घातला, निळ्या उजेडात पाहिलं आणि मग फोनमधले फोटो काढून समोर धरले.

“भाऊ, तुम्हाला तीळ किती?”

मेहुण्यांनी रुमाल गालावर ओढला.

“एकच,” बहीण म्हणाली. “डाव्या गालावर.”

“फोटोत दोन आहेत. दोन्ही गालांवर, अगदी समोरासमोर.”

रोज दुसऱ्यांचे तीळ पुसणाऱ्या माणसाला स्वतःचा दिसला नव्हता. बहिणीनं फोन हातात घेतला, बघत राहिली. आधी तिला हसू फुटलं, मग डोळे भरले. “अहो, डॉक्टरांनाही फसवलंत? आणि मला म्हणे ‘डॉक्टर त्या की तू’!”

मेहुणे जमिनीकडे बघत म्हणाले, “मला वाटलं, बरा झाल्यावर कोण विचारणार.” त्यांचे कान लाल झाले होते. मलाही कुठं बघावं ते कळेना.

“चूक माझीही आहे, मी नुसत्या फोटोवर विसंबले,” बाई म्हणाल्या. “डोळा कोरडा पडून जखम झालीय, वरवरची दिसतेय. आत्ताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, मी फोन करते. आत उतरली असती तर नजर गेली असती. आधी मला एक खरा फोटो हवाय, पुढे ताडून बघायला.”

मेहुण्यांचा हात सवयीनं फोनकडे गेला. बहिणीनं फोन मागे घेतला. “आज मी काढणार.”

त्यांनी लगेच डावा गाल पुढे केला. “सरळ बसा,” ती म्हणाली. ते सरळ बसले, पण मान वर होईना. दोनदा सांगून झालं. मग बहिणीनं, जिनं जन्मात कधी शिट्टी वाजवली नव्हती, ओठांचा चंबू करून एक फाटकी शिट्टी वाजवली.

मेहुणे दचकून वर बघायला लागले. तिनं बटण दाबलं.

फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. डावीकडे ओढलेलं तोंड, उजवीकडे उघडा लाल डोळा आणि एक तीळ.

“उजेड मागून आलाय,” शेवटी ते म्हणाले. “यातून यांना काय कळणार?” त्यांनी खुर्ची उचलली, खिडकीसमोर ठेवली आणि उजवा गाल उजेडाकडे करून बसले. “हं. परत काढ.”