जोडतारे आणि आमचा बांध

विश्रामबागेतल्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. आमची शेती कोरेगावजवळ. माझे यजमान आणि धाकटे दीर यांची उसाची रानं शेजारी-शेजारी आहेत, आणि दर नांगरटीला दोघंही मधला बांध आपापल्या बाजूने थोडा कोरतात. सोमवारी सरकारी मोजणी ठरली होती. ती झाली की दिवाळीचं एकत्र जेवण बंद होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून रविवारी गावच्या शाळेतल्या माझ्या व्याख्यानाला मी दोघांनाही पुढे बसवलं आणि मुद्दाम विषय घेतला: अगदी जवळजवळ फिरणारे जोडतारे. मुद्दे क्रमाने लिहून नेले. एक तारा फुगतो, त्याचा वायू दुसऱ्यावर ओढला जातो, हलका जड होतो, दोघंही भराभर बदलतात आणि कधी कधी शेवटी एकमेकांत मिसळतात.

"वैनी, लय पटलं," व्याख्यान संपल्यावर दीर म्हणाले. "म्हंजी शेवटी एकच ऱ्हातो."

"व्हय, थोरला," यजमान म्हणाले.

"आवं दादा, हलका जड हुतो म्हनल्यात त्या!"

मोजणी झालीच. बांध कुठे आहे, असं मोजणीदाराने विचारलं, तेव्हा दोघं पायाखाली शोधू लागले. बांध उरलाच नव्हता. सगळं एकच सलग रान झालं होतं. दिवाळीच्या माझ्या यादीत जेवणापुढे माणसांचा आकडा अजून लिहायचा आहे: एका घरचा की दोन्ही घरांचा, ते ठरायचंय.