हात न लावता पळणारी जोडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. भावाला नाही, पोरीला नाही, महादेवाच्या पिंडीसमोर एकटा बसलो होतो तेव्हाही नाही. आणि जिला सांगायला पाहिजे होतं ती, माझी बायको कौतिका, तिला तर नाहीच नाही. ती आता गेली. तुमची-माझी काही ओळख नाही, म्हणून तुमच्याजवळ तोंड उघडतोय. जमेल तसं सांगतो.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की शंकरपट लागतात, म्हणजे बैलांच्या शर्यती. मोकळ्या रानात शेजारी-शेजारी दोन सरळ पट्ट्या आखतात, त्यांना दाण म्हणतात. एकेका दाणीवर एकेक जोडी, मागे हलका छकडा, त्यावर हाकणारा धुरकरी. जी जोडी आधी पोचली ती जिंकली, एवढाच खेळ. पण त्या खेळापायी माणसं काय काय करत! मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, नुकतीच गेली होती, तरी मालगुजारांचा तोरा गेला नव्हता. त्यांच्या बैलांना सरकी, तूप, मालिशीला दोन गडी. आमच्याकडे काय? धानाचा थोडा तुकडा, दोन बैल, मी आणि कौतिका. पटाला निघालो की पोरीबाळीसुद्धा म्हणत, चालले दुसऱ्याची पाठमोरी जोडी पाहायला. चार वर्षं मी हरलो. हसू ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

जोडीतला पळणारा बैल म्हणजे कवड्या. अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके. आलापल्लीच्या बाजूला गुरं चारायला गेली असताना त्याच्या मायला वाघानं नेलं. तेव्हा हा आठ दिवसांचा. कौतिकानं त्याला पेज पाजून वाढवला. बोटं पेजेत बुडवायची, ती त्याच्या तोंडात द्यायची. आम्हाला तोवर मूलबाळ नव्हतं. ती दारात उभी राहून हाक मारायची, “ये बा, ये.” बस, एवढंच. बांधाच्या पलीकडे असला तरी कवड्या कान टवकारून धावत यायचा आणि तिच्या पदरात तोंड खुपसायचा. असल्या मऊ आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मला ते खुपायचं. हे कारण म्हणून सांगत नाही, खुपायचं म्हणून सांगतो.

त्या साली पंचांनी नवा कायदा केला. आधीच्या पटात कुणाचा तरी बैल रक्तबंबाळ होऊन दाणीवरच बसला होता, बाया रडल्या होत्या. म्हणून ठरलं की तुतारी चालणार नाही. तुतारी म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी. शेपूट पिळायचं नाही, डबा वाजवायचा नाही. जोडी सोडायच्या आधी पंच बैलाच्या पाठीवरून, पुठ्ठ्यावरून हात फिरवणार, ताजी जखम दिसली की जोडी बाद. काय चालेल? हातातला कासरा आणि तोंडातला आवाज.

आवाज चालेल. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात तो विचार आला. कुठून आला? कुणी शिकवला नाही. माझाच होता.

आता लांबवत नाही.

मी कवड्याला दुपारच्या वेळी सागाच्या रानात न्यायचो, जिथं कुणी फिरकत नाही. दोन बाजूंनी दोर बांधायचो. मागे उभा राहायचो आणि अगदी कौतिकासारखं म्हणायचो, “ये बा, ये.” आणि म्हणून झालं की शेपटीच्या बुडाखाली, जिथं केसांनी झाकतं, तिथं तुतारीचा खिळा टोचायचो. पुन्हा हाक, पुन्हा खिळा. तो पहिल्या दिवशी मागे वळून पाहत होता. त्याला वाटलं असेल, हाक कौतिकाची आहे तर ती कुठं तरी असेल. पंधरा दिवसांत खिळ्याची गरज उरली नाही. नुसती हाक दिली की अंग थरथरायचं, मुतायचा आणि पुढे झेप घ्यायचा. आणि खरं सांगू? मला मजा यायची. तिनं वर्षानुवर्षं लावलेली माया मी पंधरा दिवसांत उलटी केली होती.

तिचीच हाक काऊन घेतली, दुसरा कोणताही आवाज चालला असता की, असं तुम्ही विचाराल. चालला असता.

धडा ताजा राहावा म्हणून मधे मधे टोचायचो, पण पटाच्या आठ दिवस आधी बंद ठेवायचं, म्हणजे खपली धरते, पंचाच्या हाताला काही लागत नाही. कायद्यात कुठं बसत नव्हतं हे? सगळं बसत होतं. दाणीवर मी तुतारी नेली नाही, शेपटीला बोट लावलं नाही. नुसतं मायेनं म्हटलं, “ये बा, ये.” जोडी अशी सुटली की मालगुजाराची जोडी अर्ध्यावरच राहिली. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. मूल गावापासून सिंदेवाहीपर्यंत बोलबाला झाला की ही जोडी हात न लावता पळते, प्रेमावर पळते. लोक आपल्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, जनावराला असं वागवावं. मी हात जोडायचो. लाजल्यासारखं करायचो.

जखमा कौतिकाला दिसायच्याच. बैल धुवायची ती. मी म्हटलं, कावळे टोचतात, गोचीड काढायला बसतात मेले. तिनं विश्वास ठेवला. हळद-तेल लावायची, आणि भर उन्हात हातात फोक घेऊन गोठ्यापाशी कावळे हाकलत बसायची. मी भाकर खात ते पाहायचो.

पण कवड्या तिच्या हाकेला येईना. ती “ये बा” म्हणाली की दावं तोडायला पाही, डोळे पांढरे करी. एक दिवस माझ्यासमोर येऊन बसली. तोंड एवढंसं झालेलं.

“अजी, कवड्या मले भिऊन राह्यला. काऊन भेत असन?”

तिथं सांगता आलं असतं. नसतं केलं कबूल, तरी निदान गप्प बसता आलं असतं. पण मी काय बोललो ऐका. “जनावराले समजते. तुह्या हातात काई तरी वाईट असन. म्हणून तर कूसही भरत नाई तुही.”

त्या दिवसापासून तिनं त्याला हाक मारणं सोडलं. वैरण टाकायची आणि लगेच मागे सरकायची.

मग पोळा आला. बैल तोरणाखालून दारात आले की घरच्या बाईनं पाय धुवून ओवाळायचं, पुरणपोळी भरवायची, ही रीत. कवड्याचं नाव झालेलं, तेव्हा आमच्या दारात ही गर्दी. कौतिका ताट घेऊन समोर उभी, पण पाऊल उचलेना. बाया म्हणाल्या, अवं, लेकरासारखा वाढवला, बोलाव ना बाई त्याले. ती माझ्याकडे पाहू लागली. नुसतं पाहणं नव्हतं ते, मला विचारत होती.

कासरा माझ्या हातात होता. काय होणार हे त्या गर्दीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. ताट मी घेतलं असतं, बैल मागे वळवला असता, काहीही करता आलं असतं. पण एवढे लोक, आणि आपली जोडी प्रेमावर पळणारी! मी मान हलवली. बोलाव, म्हटलं.

तिनं हाक मारली. किती दिवसांनी मारली होती. कवड्यानं जी झेप घेतली ती सरळ पुढे, आणि पुढे ती उभी होती. ताट उडालं, ती खाली पडली, आणि तो तिच्या मांडीवरून गेला. हाडाचा आवाज मी ऐकला. पाय पुढे जन्मभर वाकडाच राहिला.

गावानं ठरवलं, बैल पिसाळला. चार दिवसांनी लटारूभाऊ आले. लटारूभाऊ म्हणजे मालगुजाराचा धुरकरी, ज्यांना मी हरवलं होतं ते. केस पांढरे झालेले. म्हणाले, पाहतो जनावर, बरं असलं तर मीच नेतो. गोठ्यात शिरले, पाठीवरून हात फिरवला, आणि शेपूट वर केलं. मी घाईनं तेच कावळ्यांचं सांगितलं.

“कावळे एकाच जागी टोचतेत काऊन, भाऊ?” एवढंच विचारलं.

ते पाय न धुता, पाणी न पिता निघून गेले. कुठं बोलले नाहीत. पण मला धाकधूक लागली, आज यांनी पाहिलं, उद्या दुसरा पाहील. पुढच्या बाजारीच सिरोंच्याकडे गुरं हाकत नेणारे आले होते, त्यांच्या कळपात कवड्याला घातलं. ती गुरं कुठं जातात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

कौतिका खाटेवर होती, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. बाजाराच्या आदल्या रात्री माझा हात धरून म्हणाली होती, “त्याले नका इकू. त्याचा काई दोष नाई. माह्याच हातात काई तरी हाये.”

मी म्हटलं, “असन.”

तीन वर्षांनी आम्हाला पोरगी झाली, शेवंता. कूस भरली, म्हणजे माझं ते बोलणंही खोटं ठरलं, पण कौतिकाच्या मनातून ते निघालं नाही. पोरीला न्हाऊ घालायची, जेवू घालायची, तापात उशाशी बसायची, सगळं करायची. पण तिला हाक मारून जवळ घेणं? कधी नाही. पोर पहिली पावलं टाकू लागली. शेजारच्या बाया हात पसरून, ये ये करत समोर बसायच्या. कौतिका उठून चुलीकडे जायची. एकदा पोर स्वतःहून तिच्याकडे लुटुलुटु निघाली, तर ही लंगडत मागे सरकली, भिंतीला टेकेपर्यंत. पोर मधेच उभी राहिली आणि रडू लागली. मी ओसरीवर बसलो होतो. मला सगळं समजत होतं.

असं तिचं सगळं आयुष्य गेलं. मी सोडून दुसरं कुणी काही केलेलं नव्हतं.

तिच्या तेरवीला अंगणात माणसं जेवून बसली होती. त्यात पटाचे जुने शौकीन होते, ते नव्या पोरांना सांगत होते, याची जोडी हात न लावता पळायची, बरं का. तेवढ्यात शेवंता माझ्याजवळ येऊन बसली. तिचे स्वतःचे केस पिकायला लागलेले. हळू आवाजात म्हणाली,

“बाबा, मायनं मले एकडाव बी जवळ बलावलं नाई. मी नको होती का तिले?”

तिकडे माणसं माझ्याकडे कौतुकानं पाहत होती.

मी म्हटलं, “सभावच तसा होता तिचा.”

तिनं मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि उष्टी भांडी गोळा करायला गेली.